रिव्हॉल्व्हरचे टायमिंग : शस्त्रदुरुस्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात फिटर किंवा टर्नरचा आयटीआय पूर्ण केलेली बहुतेक मुले वाळूज, शेंद्रा किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यांत जातात. परवानाधारक शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात शिकाऊ म्हणून येणारी फारच थोडी. मी त्या थोड्यांपैकी एक आहे. या कामाची माहिती मराठीत सहसा लिहिलेली सापडत नाही आणि जी मिळते ती तोंडी, तुकड्या-तुकड्यांनी मिळते. म्हणून जो दोष दुकानात सर्वांत जास्त गैरसमजासह येतो, त्या सिलिंडरच्या टायमिंगविषयी, म्हणजे गोळ्यांची घरे (चेंबर) असलेले फिरते सिलिंडर वेळेवर नळीसमोर येऊन थांबते का याविषयी, सविस्तर लिहीत आहे.

त्याआधी कायद्याची बाजू. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार शस्त्राची निर्मिती व विक्री यांप्रमाणेच दुरुस्ती आणि चाचणीसाठीही परवाना लागतो. शिवाय कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. त्यामुळे शिकाऊ माणसाने जे काही करायचे ते परवानाधारकाच्या दुकानात आणि त्याच्या देखरेखीखालीच करावे. शस्त्र हातात घेण्यापूर्वी मालकाचा परवाना पाहावा, त्यावरचा क्रमांक फ्रेमवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर पडताळावा आणि नोंदवही भरूनच ते टेबलावर घ्यावे. ओळखीचा माणूस गावठी कट्टा घेऊन ‘जरा बघून द्या’ म्हणत आला, तर त्या कट्ट्याला हातही लावू नये. दुरुस्तीचा सुटा भाग घरी नेऊन काम करणे हेही तितकेच धोक्याचे आहे.

आता मूळ विषय. घोडा मागे ओढला की, किंवा चाप ओढला की, आतला हँड नावाचा लहान तुकडा वर सरकतो आणि सिलिंडरच्या मागच्या ताऱ्यावरील दात्याला ढकलून सिलिंडर एक घर पुढे फिरवतो. त्याच वेळी खालचा स्टॉप सिलिंडरच्या बाहेरच्या अंगावरील खाचेत बसून त्याला अडवतो. सॅम्युअल कोल्ट यांनी 1836 मध्ये अमेरिकेत घेतलेल्या पेटंटचा गाभाही घोड्याच्या हालचालीने सिलिंडर फिरवणे आणि अडवणे हाच होता. टायमिंग बरोबर आहे याचा अर्थ इतकाच की घोडा पूर्ण मागे पोचण्याआधी, निदान त्याच क्षणी, स्टॉप खाचेत बसलेला असतो आणि समोरचे चेंबर नळीच्या रेषेत आलेले असते. हे उशिरा घडले तर गोळी नळीच्या तोंडाच्या कडेला घासत आत शिरते, शिशाचे कण सिलिंडर व नळीच्या फटीतून बाजूला उडतात आणि शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्याला किंवा हाताला लागतात. मालक सहसा तक्रार सांगताना ‘नेम चुकतो’ एवढेच म्हणतो. शिसे उडते का, हे आपण विचारून घ्यावे लागते.

आपल्या भागात जी रिव्हॉल्व्हर येतात त्यांत कानपूरच्या आयुध निर्माणीची .32 बोअरची मोठ्या संख्येने असतात. ती जुन्या वेब्ली पद्धतीची, म्हणजे वरून कडी सोडून मधोमध वाकवून उघडायची असतात. 2014 साली कानपूरहून आलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हरही त्याच ठेवणीचे आहे. क्वचित एखाद्या जुन्या घराण्यातले बाजूला सिलिंडर निघणारे विलायती रिव्हॉल्व्हरही येते. दोन्हींत दोषाची मुळे वेगळ्या ठिकाणी असू शकतात, हे पुढे येईलच.

तपासणीची सुरुवात शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून होते. सिलिंडर उघडावे, सहाही चेंबरमधून उजेड आरपार दिसतो का ते पाहावे आणि दुसऱ्या माणसालाही पाहायला लावावे. टेबलावर, टेबलाच्या खणात किंवा खिशात जिवंत काडतूस असता कामा नये. चाचणीसाठी दारू व कॅप नसलेली डमी काडतुसेच वापरावीत आणि त्यांचा रंग असा ठेवावा की लांबूनही ओळखू यावीत.

यानंतर सफाई, आणि ती मोजमापाच्या आधी. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र बाळगणाऱ्या परवानाधारकांपैकी अनेकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. परत मिळाल्यावर ती तशीच कपाटात जातात आणि पुढच्या थंडीत ‘सिलिंडर नीट फिरत नाही’ म्हणून दुकानात येतात. अशा शस्त्रांत अनेकदा खोबरेल तेल सापडते, कारण घरात हाताशी तेच असते. खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसखाली गोठते. परभणीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांखालीही उतरतो. तेव्हा स्टॉपच्या बारीक स्प्रिंगला त्या गोठलेल्या तेलातून स्टॉप वर ढकलता येत नाही आणि सिलिंडर घर ओलांडून पुढे जाते. उन्हाळ्यात हेच शस्त्र ठीक चालते, म्हणून मालकाला आपले बोलणे पटत नाही. अशा वेळी सर्व भाग उकलून, धुऊन, कोरडे करून, हलक्या यंत्रतेलाचा एखादा थेंब देऊन पुन्हा जोडले की दोष निघून जातो. ताऱ्याखाली अडकलेली जळक्या दारूची काजळी किंवा एखादा धातूचा कणही तारा तिरपा बसवून असाच घोळ घालतो.

सफाईनंतरही दोष राहिला तर खरी तपासणी सुरू होते. मार्करने सहा चेंबरना क्रमांक द्यावेत आणि सर्वांत डमी काडतुसे भरावीत. काही बनावटींत रिकाम्या चेंबरमुळे तारा किंचित हलतो आणि वाचन चुकते. शिवाय भरलेले सिलिंडर जड असते, त्यामुळे त्याची चाल खऱ्या वापराच्या जवळ जाते. मग डाव्या हाताचे बोट सिलिंडरवर अगदी हलके टेकवून, अंगठ्याने घोडा सावकाश मागे घ्यावा. स्टॉप बसल्याचा ‘टक्’ आवाज घोडा अडकण्याच्या आवाजाआधी आला पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून बोटाने थोडे पुढे ढकलता येते, असे झाले तर त्या क्रमांकापुढे ‘उशीर’ लिहावे. सहाही घरे अशी तपासल्यावर हाच प्रकार चाप सावकाश ओढून करावा. सावकाश हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण चाप जोरात ओढला की सिलिंडर स्वतःच्या वेगानेच जागेवर जाते आणि दोष झाकला जातो. मालक दुकानात येऊन फटाफट चाप ओढून दाखवतो तेव्हा सगळे ठीक दिसते, ते यामुळेच.

आता कागदावर जे उमटले तेच निदान. सहाही घरांपुढे ‘उशीर’ असेल तर संशय हँडवर घ्यावा; त्याचे टोक झिजले असेल किंवा त्याची स्प्रिंग थकली असेल. एक-दोनच घरे उशिरा येत असतील तर हँड निर्दोष समजावा आणि ताऱ्याचे नेमके तेच दाते भिंगाखाली पाहावेत. सिलिंडर घर ओलांडून पुढे पळत असेल तर स्टॉप, त्याची स्प्रिंग आणि खाचांच्या कडा तपासाव्यात. घोडा वारंवार झटक्याने मागे ओढण्याची सवय असलेल्या मालकाच्या शस्त्रात खाचेची एक कड मार खाऊन बाहेर फुगलेली दिसते. नखाने चाचपली तरी कळते.

एका परवानाधारकाच्या .32 मध्ये फक्त 4 क्रमांकाचे घर उशिरा येत होते. भिंगातून पाहिले तेव्हा इतर दात्यांवर हँडच्या घर्षणाची एकसारखी चकाकी होती आणि त्या एका दात्याचे टोक मात्र चपटे होऊन त्यावर आडवा ओरखडा होता. तो कधीतरी बोथट पेचकसाने सिलिंडर अडवल्याचा होता. तिथे रुंद हँड बसवणे सोपे दिसते. पण तसे केले की चौथे घर सुधारते आणि उरलेली पाच घरे घट्ट होतात, कारण स्टॉप बसल्यावरही हँड दात्याला रेटत राहतो आणि चाप जड होतो. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणाले, “बेटा, तारा मागवायचा, तोवर कानस पेटीत ठेव.” परवानाधारक विक्रेत्यामार्फत सुटा भाग येईपर्यंत ते शस्त्र नोंद करून कुलपात राहिले आणि मालकाला थांबावे लागले.

हँड बदलायचाच असेल तेव्हाही नवा भाग जसाच्या तसा क्वचित बसतो. तो जाणीवपूर्वक थोडा मोठा घ्यायचा, बसवायचा, सहाही घरे तपासायची, काढायचा, बारीक ऑइल स्टोनवर दोन-तीन हात फिरवायचे, पुन्हा बसवायचा. ज्याला कारखान्यात मिलिमीटरवर काम करायची सवय आहे त्याला इथे थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, विचार करावा लागतो, आणि घासलेला धातू परत येत नाही हे प्रत्येक हाताला लक्षात ठेवावे लागते. सिलिंडरच्या खाचांना नवशिक्याने कानस लावूच नये. तिथली चूक म्हणजे सिलिंडरच बाद होते.

टायमिंगसारखे दिसणारे पण टायमिंगचे नसणारे दोषही ओळखता आले पाहिजेत. मधोमध उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर नळीच्या बाजूच्या भागावर बसलेले असते, म्हणून वरची कडी किंवा बिजागरी सैल झाली की नळीसकट सिलिंडर मागच्या फ्रेमपासून दूर सरकते आणि हँडची पकड कमी पडते. अशा वेळी हँड बदलणे व्यर्थ आहे. आधी कडी घट्ट झाली पाहिजे. बाजूला निघणाऱ्या सिलिंडरचा प्रकार वेगळा असतो. चित्रपटात पाहून हाताच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्यांच्या शस्त्रात ते धरणारा आडवा भाग वाकतो किंवा रिकामी काडतुसे बाहेर ढकलणारी इजेक्टरची दांडी वाकते. सिलिंडर उघडे ठेवून फिरवले आणि दांडीच्या टोकाकडे पाहिले की डुगडुग स्पष्ट दिसते. सिलिंडर व नळी यांच्यातील फट फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजावी. साधारण 4 ते 10 थाऊ, म्हणजे 0.10 ते 0.25 मिलिमीटर, एवढी ती चालते. ती सिलिंडर पुढे दाबून आणि मागे दाबून अशी दोनदा मोजली की पुढे-मागे खेळ किती आहे तेही हाती येते. शेवटी नळीतून नेमक्या मापाचा रेंज रॉड, म्हणजे चेंबर व नळी एका रेषेत आहेत का ते पाहायची सळई, सोडून पाहावे. सहाही चेंबरमध्ये तो न अडखळता उतरला पाहिजे. जिथे अडखळतो ते घर पुन्हा तपासावे.

काम संपल्यावर जिवंत काडतुसाची चाचणी परवान्यात बसणाऱ्या ठिकाणीच, दुकानाच्या परवानाधारकाच्या हातून होते. शिकाऊने फटीच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पांढऱ्या कागदावर शिशाचे कण आले का एवढे पाहावे. नोंदवहीत ‘टायमिंग दुरुस्त’ असे मोघम न लिहिता कोणते घर उशिरा येत होते, कोणता भाग बदलला, फट आधी किती होती व नंतर किती राहिली, हे लिहून ठेवावे. तेच शस्त्र पुढच्या निवडणुकीनंतर पुन्हा आले की निम्मी तपासणी त्या पानावरच होते. मालकाला शस्त्र परत देताना जुना भाग दुकानाच्या परवान्याच्या नियमानुसार नोंदवून ठेवल्याचे सांगावे, घोडा हळू हाताने कसा उतरवायचा ते रिकाम्या शस्त्रावर दाखवावे आणि यंत्रतेलाची लहान बाटली सोबत द्यावी, म्हणजे घरी पुन्हा खोबरेलाकडे हात जात नाही.