विदर्भात पोस्टिंग असेल तर गावाकडच्या पेशंटची हिस्ट्री कशी घ्यायची

एमबीबीएसच्या सेकंड इयरला क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंट बघायची पाळी, लागली की प्रत्येकाच्या ॲप्रनच्या खिशात एक छोटी डायरी येते, त्यात पेशंटला विचारायची हिस्ट्री, म्हणजे चीफ कम्प्लेंट (मुख्य त्रास), ड्युरेशन (किती दिवसांपासून), ऑनसेट (सुरुवात कशी झाली), प्रोग्रेशन (वाढत गेला का) असं ओळीनं लिहिलेलं असतं, आणि समोर खाटेवर बसलेले काका म्हणतात, "लय दिवसापासून तब्येत खराब हाय जी." झालं, आता भरा डायरी. पुण्या-मुंबईकडून, कोल्हापूर-नाशिककडून आलेले ज्युनियर दरवर्षी हेच रडगाणं गातात की इथले पेशंट नीट सांगतच नाहीत. सांगतात हो, भरभरून सांगतात, पण आपण विचारलेलं त्यांच्या दिवसात कुठं बसतच नाही. मी यवतमाळकडचा, कापसाच्या पट्ट्यातला, सध्या इंटर्नशिप चालू आहे, तर वॉर्डात रोज जे वापरतो ते इथं लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळी राउंडच्या आधी घाईघाईत हिस्ट्री घ्यायला जाऊ नका, तेव्हा सिस्टर इंजेक्शनं देत असतात, नातेवाईक चहा आणायला खाली गेलेले असतात, पेशंटचं लक्ष मोठ्या डॉक्टरकडं असतं. दुपारी दोननंतर जा, जेवणं झालेली असतात, वॉर्ड शांत असतो आणि पेशंटला पण कुणाशी तरी बोलायचंच असतं. स्टूल ओढून बसा. काका, मावशी, आजी, बाबाजी, जे शोभेल ते म्हणा, बेड नंबरनं हाक मारू नका. "जेवन झालं का" इथून सुरुवात केली की निम्मं काम होतं. आणि आजीनं तुम्हाला "बापू" म्हटलं, अरे-तुरे केलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही, आपण मात्र "तुम्ही"च म्हणायचं.

आता ड्युरेशन, यातच सगळे अडकतात. "किती दिवसांपासून?" या प्रश्नाला "लय दिस झाले" हेच उत्तर मिळणार, कारण घरात कॅलेंडर बघून कोणी आजारी पडत नाही. सण आणि वावरातलं काम धरून विचारा. "पोळ्याच्या आधीपासून की नंतर?" असं विचारलं की लगेच उत्तर येतं, "पोळ्याले तर चांगली होती मी, पुरनपोळी केली, बैल ओवाळले, मंग सोयाबीन सोंगाले गेलो तवापासून पाय सुजले." घ्या, ऑनसेट पण आला आणि तेव्हापर्यंत ती बाई कामाला जात होती हे पण कळलं. सोयाबीन सोंगणी साधारण दसऱ्याच्या आगेमागे, कापूस वेचणी दिवाळीपासून पुढं उन्हाळा लागेपर्यंत, तूर संक्रांतीच्या आसपास, मोह वेचणं होळीच्या सुमारास, तेंदूपत्ता मे महिन्यात, पेरणी मिरगात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा पेशंट असेल तर कापूस-सोयाबीन विचारून उपयोग नाही, तिकडं धान, म्हणजे जुलै-ऑगस्टात रोवणी आणि दिवाळीच्या आसपास कापणी. एवढं डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, केस प्रेझेंट करताना सरांनी "हाउ डू यू नो इट इज थ्री मंथ्स" विचारलं तर बिनधास्त पोळा सांगा, चांगले सर खूश होतात.

वयाचंही तसंच. आधार कार्डावर अर्ध्या वॉर्डाचा जन्म एक जानेवारीचा. मोठा मुलगा किती वर्षांचा आणि लग्न झालं तेव्हा किती वर्षांच्या होत्या, या दोन प्रश्नांत पाच वर्षं इकडं-तिकडं वय निघतं, तेवढं पुरे.

दम लागण्याची ग्रेड काढायला पुस्तकात जिने चढायला लावतात. गावात जिना कुठून आणणार, आहे ती एक ग्रामपंचायतीची तीन पायऱ्यांची इमारत. "नळावरून गुंड भरून आणता का अजून? मधात ठेवावा लागते का?" असं विचारा (गुंड म्हणजे पाण्याची घागर, मधात म्हणजे वाटेत मध्येच). "वावरात जाताना आधी जसे जात होते तसे जाता का, की बसत बसत?" असं विचारा. किती उशा घेता हे तर विचारूच नका, उशीच्या जागी गोधडी गुंडाळलेली असते, त्यापेक्षा "रात्री दम कोंडून उठून बसावं लागते का" हे सरळ विचारा. वजन कमी झालं का विचारलं तर काटा कोणाकडं आहे? बांगड्या ढिल्या झाल्या का, ब्लाउज आत घ्यावा लागला का, पॅन्टला सुतळी बांधता का, हे विचारा, आणि उत्तराची वाट न बघता मनगटाकडं बघा.

पर्सनल हिस्ट्रीत खर्रा. हा भाग नीट वाचा कारण इथं फसणारे लय आहेत. "तंबाखू खाता का?" "नाई." डायरीत लिहिलं नो ॲडिक्शन. आणि त्याच वेळी काकाच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकची पुडी दिसते. विचारलं की म्हणतात, "तो खर्रा हाय, तंबाखू नाई खात आपन." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना, पानठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून घोटून देतात, बसस्टँडवर, चौकात, सगळीकडं तो घोटण्याचा आवाज चालूच असतो. म्हणून नाव घेऊनच विचारायचं: खर्रा, बिडी, नस (तपकीर), आणि गोंदिया-गडचिरोलीकडच्या बायांना गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची पेस्ट, दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा लावतात. मग दिवसाला किती खर्रे, एकटेच खाता की मित्रांत वाटून, कारण एका पुडीत तिघं-चौघं असतात आणि हिशेब चुकतो. कोणत्या गालात ठेवता, झोपताना पण असतो का.

हे विचारून झालं की तिथंच तोंड उघडायला लावा, त्यांचीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगा. दोनच गेली तर सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून कडक होऊन तोंड उघडेनासं होणं, डोक्यात घ्या. आणि त्याच्याही आधीचं लक्षण म्हणजे तिखट झोंबणं. विदर्भातला माणूस, सावजीचा तर्रीवाला रस्सा वरपणारा, तो जर म्हणाला की घरी भाजी फिकी करायला लावतो आजकाल, तर टॉर्च काढा. गाल आतून पांढुरका पडलेला, बोट फिरवलं की दोरीसारखे पट्टे लागतात. आणि काका म्हणाले की तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो, तर हो-हो करून पुढं जाऊ नका, हा फायब्रोसिस मुळात सुपारीनंच होतो आणि नुसत्या सुपारीला पण डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच कॅन्सर करणारी ठरवलंय. लेक्चर झोडू नका पण. डेंटलला रेफर करा आणि आरसा दाखवून त्यांचं त्यांना तोंड बघू द्या, त्याचा असर जास्त होतो असं माझं मत आहे.

दारूचं विचारताना बायको बाजूला असेल तर विचारूच नका, तिला केसपेपर आणायला पाठवा. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, त्यामुळं डॉक्टर पोलिसाला सांगते की काय अशी पण भीती असते. "पिता का" ऐवजी "दिवसभर वावरात काम केल्यावर संध्याकाळी थोडी घेता का, पव्वा पुरते का?" असं विचारलं की माणूस हसतो आणि खरं सांगतो. मोहाची की देशी ते पण विचारा.

पावसाळ्यात कॅज्युअल्टीत ड्युटी लागली तर हिस्ट्रीला दोन मिनिटं मिळतात, त्यात दोन गोष्टी डोक्यात पक्क्या पाहिजेत. एक फवारणी. नातेवाईक म्हणाले "औषध पेलं" तर ते विष आहे, गोळी नाही, हे बाहेरच्या पोरांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावं लागतं. आणि प्यालेलाच असतो असं नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, देशभर बातम्या झाल्या. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या उंचीची वाढली होती, मारलेला फवारा सरळ तोंडावर येत होता. म्हणून उलट्या, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या असा पेशंट आला की विचारा फवारलं का, किती पंप मारले, वारा समोरून होता का, अंगात शर्ट होता का, आणि हो, फवारताना मधात खर्रा खाल्ला का, कारण हात तेच असतात. घरी फोन करून फवारणीच्या औषधाचा डबा मागवा, नाव वाचता येत नसेल तर लेबलचा फोटो मागवा. डबा यायची वाट बघत ट्रीटमेंट थांबवायची नाही हे तर झालंच.

दुसरं साप. घोणस चावली तर पेशंट स्वतःच सांगतो, सूज असते, दुखत असतं. मण्यार वेगळी. रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे तो पोट दुखते म्हणून उठतो. अशा पेशंटला गॅसचं इंजेक्शन देऊन झोपवायच्या आधी "रात्री खाली झोपले होते का" हा एक प्रश्न आणि डोळ्यांच्या पापण्याकडं एक नजर, पापण्या जड होऊन खाली येत असतील तर सिनियरला ताबडतोब बोलवा. रक्त गोठतं का बघायची वीस मिनिटांची टेस्ट तुम्हालाच करायला सांगतील: दोन मिली रक्त, कोरडी स्वच्छ काचेची ट्यूब, प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेली पण नको, आणि वीस मिनिटं हलवायची नाही, मधूनमधून वाकवून बघायचा मोह आवरा. गावात आधी मांत्रिकाकडं नेलं का हे विचारा, पण आवाज न चढवता. आवाज चढला की पुढच्या वेळी ते लपवतात आणि किती वेळ गेला ते तुम्हाला कधीच कळत नाही.

पावसाळ्यानंतर ताप असेल तर गवतात, बांधावर, गुरांमागं गेला होता का विचारा आणि कपडे काढून नीट तपासा, काखेत, जांघेत, बाईच्या छातीच्या खाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली, दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट स्वतःहून सांगतच नाही. ती सापडली तर स्क्रब टायफस, म्हणजे गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप, आणि त्या दिवशी वॉर्डात तुमचीच चर्चा.

अंग ठणकते, डोळे पिवळे, लहानपणापासून असंच आहे असं कोणी सांगितलं तर सिकलसेलचं (आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं) कार्ड आहे का विचारा. पूर्व विदर्भात हा आजार भरपूर, २०२३ मध्ये केंद्र सरकारनं त्याचं मिशन काढलं, २०४७ पर्यंत संपवायचं म्हणतात. कार्डाचं मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारू नका, लग्नाची पोरगी असेल तर आईचा चेहराच उतरतो.

बायांची हिस्ट्री घेताना पोरांनी बॅचमेट पोरीला किंवा सिस्टरला सोबत घ्यावं, आणि सासूला जरा बाहेर पाठवावं. "पांढरं जाते का, कंबर दुखते का" हे आपण विचारलं नाही तर कुणीच विचारत नाही. गडचिरोलीत काम करणारं डॉक्टर जोडपं डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत साडेसहाशे बायांची तपासणी केली होती, १९८९ मध्ये ते लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलं, ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. पाळीची तारीख विचारली की सणच धरा, "एकादशीच्या आधी आली की नंतर" विचारलं की दिवस मोजता येतो.

फॅमिली ॲडॉप्शनला, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही घरं वाटून दिलेली असतात त्यासाठी, गावात जाताना दुपारी अकराला कॉलेजची बस लावतात, तेव्हा गावात म्हातारे आणि कुत्रे सोडले तर कोणी नसतं, सगळे वावरात. सरांना सांगून सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जायची परवानगी काढा, रोवणीच्या दिवसात तर नावच काढू नका. वर्ध्याजवळ सेवाग्रामला मेडिकल कॉलेज निघालं १९६९ मध्ये, तिथली पहिल्या वर्षाची मुलं गावात जाऊन मुक्कामच करतात, ते बरं. चहा पहिल्या दोन घरी घ्या, मग "आत्ताच झाला जी" म्हणा, नाहीतर बीपी मोजायच्या आधी स्वतःचंच मोजावं लागेल.

शेवटचं फॉलोअपचं. तारीख द्यायच्या आधी विचारा तुमच्या गावचा बाजार कोणत्या गावी आणि कोणत्या वारी असतो. त्या दिवशी ते तालुक्याला येणारच असतात, ओपीडी असेल तर तीच तारीख द्या. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे लॅबवाल्याला सांगता येतं की या मावशीचा रिपोर्ट आधी दे. २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं बऱ्याचदा काकाचे रिपोर्ट घेऊन मावशीच येतात, तर गोळ्या कशा घ्यायच्या ते डिस्चार्जच्या दिवशी मावशीलाच समजावून सांगा, काका तसेही ऐकत नसतात.