कोन तपासताना आधी ओसीटी, मग भिंग

काचबिंदूच्या संशयिताचा कोन, म्हणजे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यातली पाणी निचरायची जागा, बघायचा असेल आणि एएस-ओसीटी (डोळ्याच्या पुढच्या भागाचा प्रकाशाने काढलेला छेद-फोटो) व गोनिओस्कोपी (आरशाच्या भिंगातून कोन बघणं) दोन्ही हाताशी असतील, तर आधी ओसीटी, मग डोळ्याचा दाब, शेवटी गोनिओ. ओसीटी डोळ्याला शिवत नाही. गोनिओचं भिंग कॉर्नियावर टेकतं आणि जरा दाबलं गेलं तरी कोन उघडतो, मग पुढचा फोटो खोटाच. बाहुली मोठी करायचे थेंब या सगळ्यानंतर. कोल्हापुरात सोमवारच्या ओपीडीत पेशंट आला की ड्रॉप टाकून बाकावर बसवायची घाई असते, म्हणून केसपेपरवर आधीच लाल पेनाने 'ड्रॉप नको' लिहा. आणि फोटो काढला तरी गोनिओ होईपर्यंत तो बघू नका. बघितलात की भिंगातही तेच दिसायला लागतं.

दोन्ही तपासण्या अंधारात. चंदगड-गगनबावड्याकडच्या कॅम्पमध्ये शाळेच्या वर्गात ऊन येत असतं, बाहुली आवळते आणि बंद कोन चक्क उघडा दिसतो. कोपऱ्यातली खोली घ्या, खिडक्यांना काळं कापड लावा. स्लिट लॅम्पचा झोत १ मिमी लांब, अरुंद, आणि बाहुलीवर न पडणारा. भिंग हाताशी नसेल तर कानाकडच्या लिंबसवर (कॉर्नियाच्या कडेवर) ६० अंशांतून झोत टाका: आयरिसपुढची मोकळी जागा कॉर्नियाच्या जाडीच्या पाव किंवा त्याहून कमी असेल, तर त्या पेशंटला गोनिओशिवाय सोडू नका.

डोळा बधिर करायला प्रोपॅराकेन ०.५ टक्के, एक थेंब. चार आरशांचं भिंग असेल तर जेल लागत नाही. "मामा, दोन्ही डोळे उघडे ठेवा, समोर बघा," एवढं सांगून हलकेच टेकवा. कॉर्नियात घड्या दिसल्या तर तुम्ही दाबताय. सुरुवात वरच्या आरशापासून करा. त्यात खालचा कोन दिसतो, तो बहुधा सगळ्यात रुंद, त्यामुळे ओळख पटते. पुढून मागे क्रम असा: श्वाल्बे रेषा (कॉर्निया संपतो ती कड), ट्रॅबेक्युलर जाळी (पाणी निचरते ती), स्क्लेरल स्पर (जाळीमागचा पांढरा कंगोरा), सिलिअरी बॉडीची पट्टी (आयरिसच्या मुळाशी). खाली श्वाल्बे रेषेवर रंग साचलेला असला तर ती जाळीसारखी भासते आणि बंद कोन उघडा लिहिला जातो. शंका आली तर बारीक झोत तिरका टाका. कॉर्नियाच्या आतल्या-बाहेरच्या प्रकाशरेषा जिथे मिळतात, ती श्वाल्बे. जाळीचा मागचा, रंगीत भाग १८० अंश किंवा जास्त भागात दिसला नाही, तर आता मुद्दाम दाबा. उघडला तर आयरिस नुसता टेकला होता, नाही उघडला तर चिकटलाय.

हा फरक फोटोत कळत नाही. कोनातल्या नव्या रक्तवाहिन्या, रंग, मार लागून फाटलेला कोन, यांतही ओसीटीवर भिस्त ठेवू नका. शिवाय आयरिसच्या मागे त्याला नीट दिसत नाही. प्लॅटो आयरिसचा (मागून ढकललेला आयरिस कडेला कोनात उभा राहतो, त्याचा) संशय असेल तर यूबीएमच (डोळ्याच्या पुढच्या भागाचं अल्ट्रासाउंड) करा. वर-खाली पापणी आड येते, स्पर सापडत नाही, आणि स्पर नाही तर मोजमाप कशाच्या आधाराने?

दोघांचं पटलं नाही तर? ओसीटी 'बंद' आणि गोनिओ 'उघडा', हे नेहमीचं. गोनिओ पुन्हा करा, आणखी अंधारात, हात हलका. उलट झालं तर फोटो फक्त आडवा काढलाय का, बघा. वरचा कोन त्यात आलेलाच नसतो.

नुसता अरुंद कोन, दाब आणि दृष्टीची नस ठीक, तर लेझर (आयरिसला बारीक भोक पाडणं) सरसकट नको. चीनमधल्या ग्वांगझौच्या २०१९ च्या चाचणीत लेझर न केलेल्या हजार डोळ्यांपैकी वर्षाला सुमारे ८ बिघडले, केलेल्यांत सुमारे ४. पण पेशंट पुन्हा यायची खात्री नसेल, किंवा मधुमेहामुळे बाहुली वारंवार मोठी करावी लागत असेल, तर आमचा कल लेझरकडे.

नोंदीत नुसतं 'ग्रेड ४' लिहू नका. कोनाची प्रत लावायच्या शेफर पद्धतीत ४ म्हणजे सताड उघडा, शाय पद्धतीत ४ म्हणजे पूर्ण बंद. चारही भागांत काय दिसलं, दाबून की न दाबता, आणि चिकटलेलं घड्याळाच्या किती ते किती वाजेपर्यंत, ते लिहा.