एका पानाची बिझनेस केस: मागणी कॉम्प्रेसरची, उत्तर गळतीचं

मेंटेनन्सकडून वर जाणारी बिझनेस केस, म्हणजे खर्च मंजूर करण्याचा प्रस्ताव, बऱ्याचदा व्हेंडरच्या कोटेशनला जोडलेलं कव्हरिंग लेटर असते. मशीन जुनं झालंय, वीज खातं, नवीन घ्या. वर बसलेल्याला एवढंच हवं असतं: पैसे किती, परत कधी येणार, नाही दिले तर काय अडणार. त्याला एक पान पुरतं, पण त्या पानावरचे आकडे स्वतः मोजलेले हवेत.

नमुन्यादाखल एक हिशेब घेऊ. ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर वर्षाला ६,००० तास चालतो, त्यातला ७० टक्के वेळ लोडवर, म्हणजे हवा भरत; उरलेला वेळ अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत. मीटर लोडवर ४० किलोवॅट दाखवतो, अनलोडवर १२. म्हणजे लोडचे १,६८,००० आणि अनलोडचे २१,६०० युनिट, एकूण १,८९,६००. व्हेंडर म्हणतो, १६ लाखांचं व्हीएफडी (हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं) मशीन घ्या, ३० टक्के वीज वाचेल. तसं झालं तर वर्षाला सुमारे ५७,००० युनिट वाचतील आणि ९ रुपये दराने पैसे तीन वर्षांत वसूल होतील.

इथेच थांबून तपासायचं. व्हीएफडी मुख्यतः अनलोडची वीज वाचवतो आणि ती सगळी मिळून २१,६०० युनिटच आहे. दाब १ बारने कमी करता आला तर साधारण ६-७ टक्के आणखी, म्हणजे फार तर पावणेबारा हजार. सगळं मनासारखं जमलं तरी बचत ३३,००० युनिटच्या आसपास, तीन लाख रुपये. परतफेड तीन नाही, सव्वापाच वर्षांची.

आता हवेची गळती मोजा. सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि स्टॉपवॉच लावून लोड-अनलोडच्या दहा फेऱ्यांची सरासरी काढा. लोड ७२ सेकंद, अनलोड २२८ सेकंद आले, तर ७२ भागिले ३००, म्हणजे २४ टक्के क्षमता गळतीत जाते. मशीनच्या आतल्या फिटिंगमधली गळती पकडायची तर त्यांचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. ते बंद करून फक्त मुख्य लाइन तपासली की आकडा फसवा येतो. गळती १० टक्क्यांवर आणली तर लोडचे ८४० तास (६,००० चे १४ टक्के) कमी होतात. त्या प्रत्येक तासाला ४० ऐवजी १२ किलोवॅट, म्हणून २३,५२० युनिट, २.१ लाख रुपये. खर्च दीड लाख धरला आहे: होज, कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह, मजुरी आणि अल्ट्रासॉनिक डिटेक्टरचं (आवाजावरून गळती शोधणाऱ्या उपकरणाचं) भाडं.

पानाची सुरुवात मग अशी होते:

"हवेच्या लाइनची गळती २४ वरून १० टक्क्यांवर आणण्यासाठी १.५ लाख रुपये मंजूर करावेत. वार्षिक बचत २.१ लाख, परतफेड साडेआठ महिने. १६ लाखांच्या कॉम्प्रेसरचा निर्णय ६ महिने पुढे ठेवावा."

पार्श्वभूमी याच्या वर लिहू नका. कॉम्प्रेसर कधी घेतला, आत्तापर्यंत किती वेळा बिघडला, हे कुणी विचारलं तर सांगायचं. खाली तीन ओळींचा तक्ता: आहे तसं चालू ठेवणं, गळती दुरुस्ती, नवीन मशीन. पहिली ओळ गाळली की "काहीच नाही केलं तर?" हा प्रश्न मीटिंगमध्ये येतोच.

दराची चूक सर्वांत जास्त होते. एकूण वीजबिल भागिले युनिट असा दर धरू नये, कारण त्यात डिमांड चार्ज (कमाल वीजमागणीवरचा आकार) असतो आणि युनिट कमी झाले म्हणून तो आपोआप उतरत नाही. युनिटमागे खरोखर कमी होणारा आकारच धरा. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर किंमत जीएसटीविना लिहा, नाहीतर फायनान्सवाले पहिली रेघ तिथेच मारतील. नव्या मशीनच्या खर्चात फाउंडेशन, पायपिंग, केबल आणि बसवतानाचा बंद काळ बहुधा विसरला जातो. दीड लाखासाठी एनपीव्ही (पुढच्या बचतीचं आजचं निव्वळ मूल्य) काढत बसू नका. १६ लाखांसाठी मात्र फायनान्स ज्या दराने काढतं त्याच दराने काढा.

जोखीम एकाच वाक्यात, पण आकड्यासह: गळती १५ टक्क्यांपर्यंतच उतरली तर बचत १.३६ लाख आणि परतफेड १३ महिने. "काही प्रमाणात फरक पडू शकतो" असं लिहिण्यापेक्षा ती ओळ कोरी ठेवलेली बरी. शेवटी जबाबदार माणसाचं नाव आणि दर तिमाहीच्या गळती चाचणीची तारीख टाका, कारण होज पुन्हा फाटतात आणि कपलिंग पुन्हा सैल होतात.

गळती थांबली की अनलोडचे तास १,८०० वरून २,६४० होतील, त्यामुळे ६ महिन्यांनी व्हीएफडीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. लोड ५६ टक्क्यांवर आलेला असेल, म्हणून तेव्हा हवेची कमाल मागणीही मोजून घ्या. कदाचित ३० किलोवॅटचं मशीनही पुरेल.