मांटा आणि कारवी: तुलनेचा तक्ता कसा करायचा

अकरावीच्या प्रकल्पाला समुद्रातला चपट्या अंगाचा रे मासा आणि सपुष्प वनस्पती असा विषय आला की मुलं लगेच रकाने आखतात: रंग, आकार, अन्न, श्वसन. असला तक्ता माझ्याकडे तपासायला आणू नका. मासा आणि झुडूप, फरक असणारच! दोघांना एकच प्रश्न विचारा: हा जीव पुढच्या पिढीसाठी कधी आणि किती खर्च करतो?

मी साताऱ्यात शिकवते, म्हणून वनस्पती कारवीच घ्यायला लावते. कासच्या पठारावर दिसते ती बुटकी, गोलसर टोपली कारवी. ती वेगळी जात, सात वर्षांनी फुलते. आपल्याला हवी ती सह्याद्रीच्या उतारांवरची उंच कारवी, स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. रे म्हणून महाकाय मांटा, मोब्युला बायरॉस्ट्रिस. नुसतं 'पाकट' लिहू नका, त्या नावाखाली बऱ्याच जाती येतात.

कारवीच्या रकान्यात लिहा: सात पावसाळे नुसती वाढ. आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा, मग फळं धरतात आणि झुडूप वाळून मरतं. बोंडं झाडावरच सुकतात आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसात भिजली की तडतडत फुटून बिया उडवतात. तो आवाज कुणी ऐकला असेल तर जरूर लिहा, गुण मिळोत न मिळोत.

मांटाच्या पंखांसारख्या परांचा पसारा सात मीटरपर्यंत, पण पिल्लू एका वेळी बहुधा एकच, तेही साधारण वर्षभर पोटात वाढवून. पुढचं व्हायला अनेकदा काही वर्षं जातात. अंडं आईच्या पोटातच फुटतं आणि पिल्लू गर्भाशयातल्या दुधासारख्या स्रावावर पोसतं. 'मासे अंडी घालतात' एवढंच पाठ असणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

तुलनेचं खरं वाक्य यानंतर येतं: घाव कुठे बसला तर जास्त लागेल? कारवी बी धरण्याआधीच तोडली, तर त्या झुडपाची आठ वर्षांची सगळी कमाई गेली. मांटाची एक मोठी मादी जाळ्यात गेली, तर तिची पुढची सगळी पिल्लं गेली. कल्ल्यांच्या व्यापारासाठी मांटाची शिकार होते. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ती जात संकटग्रस्त आहे.

नावं मात्र तपासा. जुन्या पुस्तकांत 'मांटा बायरॉस्ट्रिस' आणि 'कार्व्हिया कॅलोसा' सापडतील. जीव तेच आहेत. तक्त्यात नवं नाव लिहून जुनं कंसात टाका.