किमो चालू असताना चालायचं कधी, किती आणि कसं

किमो सुरू झाली की घरचे पेशंटला कॉटवरून उठू देत नाहीत. माया असते ती, पण कॅन्सरमधला थकवा नुसतं झोपून जात नाही. पडून राहिलं की स्नायू झिजतात आणि पुढे मोरीपर्यंत जातानाही धाप लागते. बेताच्या व्यायामाने थकवा उतरतो, मनावरचं दडपणही हलकं होतं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅलेंज’ चाचणीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण होते. ऑपरेशन आणि किमोनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम केलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे 80 टक्के जण हयात होते आणि त्यांचा आजार उलटला नव्हता. नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांत हे प्रमाण 74 टक्के होतं.

डॉक्टरांना विचारून सपाट जागेवर सकाळ-संध्याकाळ 10-10 मिनिटांनी सुरुवात करा. चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये, एवढाच वेग. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत सलग 30 मिनिटांवर या. आठवड्यातून तीनदा तेवढं पुरे. सोलापूरचा उन्हाळा 42 अंशांच्या पुढे जातो, म्हणून सिद्धेश्वर तलावाकाठी जायचं तर सकाळी सातच्या आत घरी परत. किमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. तेव्हा संसर्ग होऊ नये म्हणून गर्दी टाळून गच्चीवर चाला. किमोच्या सलाईननंतरचे पहिले दोन-तीन दिवस जड जातात. तेव्हा घरातच पाच-पाच मिनिटं चाला, पण अगदी बंद करू नका.

आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताचा आधार न घेता आठ वेळा उठा-बसा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा आठ वेळा. बहुतेक जण धपकन बसतात आणि तिथेच मेहनत वाया जाते, कारण मांडी खरी कामाला लागते ती हळू बसताना. उठताना श्वास सोडा, कोंडू नका.

ताप 100.4 फॅरेनहाइट झाला तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टरांना फोन. छातीत दुखणं, चक्कर, एकाच पायाला सूज, यातलं काही झालं तरी तेच. प्लेटलेट्स 50,000 च्या खाली असतील तर वजनं उचलू नका. आजार हाडात असेल तर वाकण्या-उचलण्याआधी विचारलंच पाहिजे. पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्झॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधांनी तळपाय बधिर होऊ शकतात, मग चप्पल निसटलेली कळत नाही; बंद बूट घाला आणि रात्री तळवे निरखून बघा.

रेडिएशनसाठी रोज बार्शीला ये-जा असेल तर एसटीत बसल्या बसल्या घोटे फिरवा, त्या दिवशी एवढं चालेल.

तोंडाच्या कॅन्सरवाल्यांनी जबड्याचा व्यायाम मात्र एकही दिवस चुकवू नये. रेडिएशनने जबडा आखडतो, मग कडक भाकरी राहू द्या, कुस्करलेलीही आत जात नाही. दुखणार नाही पण ताण जाणवेल इतकं तोंड उघडा, दहा सेकंद धरा. असं पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. रेडिएशन सुरू होण्याआधीपासूनच सवय लावा. दर सोमवारी स्वतःची बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये किती मावतात ते मोजा: निरोगी तोंडात साधारण तीन मावतात. आधीपेक्षा एक जरी कमी झालं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता फिजिओथेरपिस्टला दाखवा.