सहकाऱ्याच्या स्वभावानुसार बोलण्याची मांडणी कशी बदलावी

काही वर्षांपूर्वी मी एका वरिष्ठांना दीड पानी ईमेल पाठवला होता. हातातल्या कामाला उशीर का होत आहे, हे त्यात पहिल्या दिवसापासून तारीखवार लिहिले होते. उत्तर एका शब्दाचे आले : ‘मग?’ मला तो निव्वळ उद्धटपणा वाटला. पुढे महिनाभराने तो ईमेल पुन्हा वाचला, तेव्हा कळले की त्यांनी आता कोणता निर्णय घ्यायचा हे मी शेवटून दुसऱ्या वाक्यात, तेही आडवळणाने लिहिले होते. गंमत अशी, की हिशेब पाहणाऱ्या एका सहकाऱ्याला तोच ईमेल मनापासून आवडला होता, कारण तारखा वाचून त्यांच्या सगळ्या शंका फिटल्या होत्या. तेव्हापासून मी एकच मजकूर निरनिराळ्या माणसांसाठी निरनिराळ्या क्रमाने मांडू लागलो. त्याची रीत पुढे देत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी स्वभावाच्या ‘प्रकारां’विषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मांडली, विल्यम मार्स्टन यांनी १९२८ मध्ये वर्तनाच्या चार तऱ्हा सांगितल्या, आणि पुढे माणसांना सोळा प्रकारांत बसवणारी चाचणीही कार्यालयांतून लोकप्रिय झाली. अशा वर्णनांत माणूस स्वतःला किती सहज ओळखतो, हे मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. तो बहुतांशी भविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता, तरीही विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. आज संशोधनात अधिक मानली जाणारी स्वभावाच्या पाच घटकांची मांडणी माणसांचे कप्पे पाडतच नाही. प्रत्येक गुण कमी-अधिक प्रमाणात मोजते, आणि बहुतेक लोक मधल्या पट्ट्यात येतात. त्यामुळे ‘हा अमुक प्रकारचा आहे’ असा शिक्का मारण्यापेक्षा ‘याला माझ्याकडून आधी काय हवे असते’ एवढेच पाहणे अधिक उपयोगी पडते.

१. आधी स्वतःची खोड ओळखा

आपण पाठवलेले शेवटचे दहा मेसेज किंवा ईमेल उघडा आणि प्रत्येकात मुख्य मुद्दा कितव्या वाक्यात आला आहे ते मोजा. मुद्दा सतत तळाशी सापडत असेल, तर आपल्याला पाल्हाळ लावण्याची सवय आहे. पहिल्याच वाक्यात मागणी आणि पुढे काहीच नसेल, तर समोरच्याला आपण तुटक वाटत असण्याची शक्यता मोठी. या कामाला पंधरा मिनिटे लागतात.

२. दोन आठवडे समोरच्याचा पहिला प्रश्न टिपून ठेवा

नवी गोष्ट सांगितल्यावर माणूस सर्वांत आधी काय विचारतो, यावर लक्ष ठेवा. ‘कधी होईल?’ असे विचारणाऱ्याला निकाल आणि मुदत हवी असते. ‘हे कशावरून?’ विचारणाऱ्याला आधार हवा असतो. ‘बाकीच्यांना हे ठाऊक आहे का?’ या प्रश्नामागे कोणी दुखावले जाऊ नये ही काळजी असते, तर ‘आणखी एक कल्पना सांगू का?’ म्हणणाऱ्याला विचारांच्या घडणीत सहभाग हवा असतो. एकच माणूस दोन प्रसंगी दोन वेगळे प्रश्न विचारेल, आणि त्यात काही वावगे नाही; आपण कल पाहत आहोत. सोबत एवढेही टिपावे की तो फोनवर मोकळा होतो की लिहून, आणि आपले वाक्य पूर्ण होऊ देतो की मध्येच तोडतो.

येथे एक चूक हमखास होते. दुसऱ्याच्या वागण्याचे खापर आपण त्याच्या स्वभावावर फोडतो आणि त्याची परिस्थिती विसरतो. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या कलाला ‘मूलभूत’ चूक म्हटले, ते उगीच नव्हे. महिनाअखेरीस कामाच्या ढिगाऱ्याखाली असलेला माणूस दोन शब्दांत उत्तर देतो, म्हणून तो रुक्ष ठरत नाही. म्हणूनच दोन आठवडे. एका दिवसाच्या अनुभवावर टिपण करू नये.

३. मजकूर तोच ठेवा, क्रम बदला

हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, गुरुवारी द्यायचा अहवाल आता सोमवारी तयार होणार आहे, कारण एका विभागाची आकडेवारी चुकीची निघाली.

निकालाकडे पाहणाऱ्या वरिष्ठांना : ‘अहवाल गुरुवारऐवजी सोमवारी दुपारी मिळेल. गुरुवारीच हवा असल्यास एका विभागाचे आकडे वगळून देता येईल. दोन्हींपैकी काय करावे, ते आज सायंकाळपर्यंत कळवावे.’

बारकाईने तपासणाऱ्या सहकाऱ्याला : ‘एका विभागाच्या आकडेवारीत दोन महिन्यांच्या नोंदी दुबार आल्या आहेत. मूळ नोंदींशी ताळा करण्यास दोन दिवस लागतील, म्हणून अहवाल सोमवारी देत आहे. चुकीच्या नोंदींची यादी सोबत जोडली आहे.’

आणि ज्या सहकाऱ्याच्या विभागातून ती चूक झाली, त्यांच्याशी आधी फोनवर बोलावे : ‘आकडे जुळवताना काही नोंदी दुबार दिसल्या. वर कळवण्यापूर्वी तुमच्याशी बोलावे म्हटले. एकदा सोबत पाहू या का?’

तिन्ही ठिकाणी सोमवार हा सोमवारच राहिला आणि चूक ही चूकच राहिली. एकाला आकड्यांतील घोळ सांगायचा आणि दुसऱ्यापासून तो लपवायचा, ही लबाडी झाली, आणि कार्यालयात ती फार दिवस झाकून राहत नाही.

४. बैठकीत बोलणारा आणि गप्प बसणारा, दोघांची सोय पाहा

काहीजण बोलता बोलता विचार करतात. त्यांचे पहिले वाक्य हा त्यांचा निर्णय समजून लगेच कामाला लागलात, तर दुपारपर्यंत तो बदललेला आढळेल. म्हणून ‘मग हेच नक्की करायचे का?’ असे शेवटी विचारून घ्यावे. उलट काहींना आधी विचार करून मग बोलायचे असते. त्यांना भर बैठकीत अचानक ‘तुमचे मत काय?’ असे विचारले की ते ‘ठीक आहे’ म्हणून मोकळे होतात आणि खरी हरकत दुसऱ्या दिवशी लेखी येते. अशांना विषय आदल्या दिवशी कळवावा, आणि प्रश्न विचारल्यावर काही क्षणांची शांतता सहन करावी. ती शांतता आपणच भरून काढण्याचा मोह आवरणे मला आजही जड जाते.

५. ‘हो’ म्हणणाऱ्याचा ‘हो’ तपासून घ्या

भिडस्त माणूस नकार देत नाही. तो होकार देतो आणि काम मागे पडते. त्याला ‘जमेल ना?’ असे विचारूच नये, कारण या प्रश्नात होकार आधीच गृहीत धरलेला असतो. त्याऐवजी ‘हे काम घेतले तर हातातले कोणते मागे पडेल?’ असे विचारावे. या प्रश्नाला नुसते ‘हो’ म्हणता येत नाही, आणि नकार न देताही अडचण सांगण्याची वाट मिळते. याउलट ठासून बोलणाऱ्यापुढे आपली हरकत मांडताना ‘मला वाटते, कदाचित’ अशी प्रस्तावना टाळून एक ठोस तोटा आणि एक पर्याय सांगावा. त्याने आवाज चढवला तर तो विषयावर चिडला आहे की आपल्यावर, हे पाहून उत्तर द्यावे. अपमानास्पद बोलणे मात्र ‘त्याचा स्वभावच तसा आहे’ म्हणून चालवून घेऊ नये. त्याची तक्रारच करावी.

६. सरळ विचारा

इतकी निरीक्षणे करूनही जे कळत नाही, ते एका प्रश्नात कळते : ‘अशी माहिती तुम्हाला फोनवर दिलेली बरी की लिहून?’ नव्या सहकाऱ्यासोबत काम सुरू करताना पहिल्याच आठवड्यात हे विचारणे कोणालाही खटकत नाही.

७. वाचणारे अनेक असतील तेव्हा

दहा जणांना एकच ईमेल जाणार असेल, तर दहा स्वभाव सांभाळता येत नाहीत. पहिल्या दोन ओळींत निर्णय आणि मुदत द्यावी, त्याखाली थोडक्यात कारण आणि कोणाच्या कामावर काय परिणाम होईल ते लिहावे, आणि तपशील जोडलेल्या फाइलमध्ये ठेवावा. ज्याला जेथे थांबायचे आहे, तो तेथे थांबेल. ज्याच्यावर थेट परिणाम होणार आहे, त्याला मात्र ईमेलपूर्वी वेगळे सांगावे.

एवढे करूनही अंदाज चुकतो. समोरच्याचे उत्तर त्रोटक, उशिरा किंवा भलत्याच मुद्द्यावर आले, तर स्पष्टीकरणाचा आणखी एक लांब ईमेल धाडू नये. ‘माझे लिहिणे लांबले, तीन ओळींत पुन्हा देतो’ एवढे म्हणून खरोखरच तीन ओळी द्याव्यात. त्या ‘मग?’ला मी आज हेच उत्तर दिले असते.