गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगेरा: प्रकल्प निवडणाऱ्यांसाठी

तणांच्या जैविक नियंत्रणावर (म्हणजे नैसर्गिक शत्रूंकरवी तण आटोक्यात ठेवण्यावर) पदव्युत्तर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या मुंबईतील विद्यार्थ्यांना मी गाजरगवत सुचवतो. मोकळे भूखंड आणि राडारोड्याचे ढीग येथे ते सहज मिळते आणि त्याच्या शत्रूचा भारतातील इतिहासही नीट नोंदलेला आहे. पानांवर जगणारा झायगोग्रामा बायकलराटा हा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणण्यात आला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये मोकळ्यावर सोडण्यात आला.

वेळापत्रक मात्र कीटकाचे पाळावे लागते, विभागाचे नव्हे. भुंगेरे पावसाबरोबर बाहेर पडतात आणि पुढे कोरड्या-थंड दिवसांत बहुतेक मातीत सुप्तावस्थेत जातात; त्यामुळे ज्यांच्या प्रकल्पाला दिवाळीच्या सुमारास मंजुरी मिळते, त्यांचा तो हंगाम वाया गेलेला असतो. मळकट पांढऱ्या पाठीवरील तपकिरी रेषांमुळे प्रौढ लगेच ओळखता येतो, परंतु अंडी पानाच्या खालच्या बाजूस असतात आणि लहान अळ्या शेंड्याच्या कोवळ्या भागात दडतात, म्हणून नोंद भिंगाने करावी.

नवख्यांचा कल भुंगेरे मोजण्याकडे असतो. माझ्या मते मोजायची ती फुले. एका जोमदार रोपापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात, आणि भुंगेऱ्यांची संख्या वाढेपर्यंत बी धरले गेले असेल, तर पानांचा फडशा पडलेले रोप छायाचित्रात कितीही समाधानकारक दिसले तरी पुढच्या वर्षीचे पीक जमिनीत पडलेलेच असते. याखेरीज टाकळ्याची नोंद ठेवावी. पहिल्या पावसात दाट उगवून तो गाजरगवताची जागा व्यापतो, आणि तुलनेसाठी जाळीने झाकलेला, भुंगेरेविरहित असा जमिनीचा आखलेला चौरस नसेल तर टाकळ्याचे श्रेय भुंगेऱ्याला दिले जाते.

हातमोजे आणि मास्क यांवर चर्चा नको. हे तण त्वचेला खाज आणते, आणि दमा असलेल्यांनी तर जलपर्णी व तिच्यावरील सोंडकिडे निवडलेले बरे. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि गवत कापणाऱ्यांनाही चौरस दाखवून ठेवावेत.

तोंडी परीक्षेत सूर्यफुलाचा प्रश्न हमखास येतो. सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगेरे दिसल्याने कर्नाटकात मोठा वाद झाला होता; एखाद्या पानावर कीटक आढळणे आणि त्या झाडावर त्याच्या पिढ्या वाढणे यांतील भेद ज्याला सांगता येतो, त्याला यजमान-निष्ठा, म्हणजे कीटकाचे ठरावीक झाडालाच धरून राहणे, कळली असे परीक्षक मानतात.